सायकल शेडचा खांब

फौजियाबाई मुजावर कामथडीजवळच्या हायस्कुलात हिंदी शिकवायच्या आणि शनिवारच्या शेवटच्या दोन तासांत नाटक बसवायच्या. शाळेला स्टेज नव्हतं. होती ती सायकल शेड. सायकली बाहेर काढायच्या, फक्कीने चौकोन आखायचा, की झालं स्टेज! चौकोनाच्या मधोमध शेडचा लोखंडी खांब. सुरुवातीला पोरं त्याला धडकायची. मग बाईंनी नाटकच असं लिहिलं, की खांबाला काम मिळालं. तो झाला एसटीचा थांबा. घाटाखालच्या गावची माणसं गाडीची वाट बघत त्याच्याभोवती भांडायची, हसायची, थकून त्यालाच टेकायची.

"सगळ्यात शिस्तीचा नट," बाई म्हणायच्या. "एक दिवस गैरहजर नाही."

यंदा मात्र मुख्याध्यापक जेधे सरांनी बजावलं होतं, "भोरच्या स्पर्धेत नंबर आला तर ठीक. नाहीतर हे दोन तास स्कॉलरशिपच्या वर्गाला."

म्हणून बाईंनी आठवडाभर याद्या केल्या. शिट्टी, तिकिटांची पेटी, गाठोडी, म्हातारीची काठी. टेम्पोत चढताना पुन्हा सगळं तपासलं. कापूरहोळला टेम्पो भोरच्या रस्त्याला वळला आणि पोरांनी असा गलका केला, की ढाब्यावरची माणसं उठून बघायला लागली.

भोरच्या सभागृहात खरंखुरं स्टेज! गोरख फळ्यांवर उड्याच मारायला लागला. "बाई, ऐका की, कसं वाजतंय!"

बाईंची लेक अरिबा नाटकात कंडक्टर होती. ती मधोमध जाऊन थबकली. शाळेच्या कामात ती आईला कटाक्षाने 'बाई'च म्हणायची. आता मात्र ओरडली, "अम्मी, खांब?"

बाईंनी पर्समधून याद्या काढल्या. खांब कुठल्याच यादीत नव्हता. जमिनीत रोवलेली वस्तू यादीत लिहायचं सुचणार कुणाला? आणि नाटकातली एकूण एक हालचाल त्याच्याभोवती! दोन शाळा झाल्या, की यांची पाळी.

"मी ऱ्हातो की खांब म्हणून उभा," गोरख म्हणाला.

"तू? तुला शिंक आली तर थांबा पळून जाईल," अरिबा म्हणाली.

मंगल गाठोड्यावर बसली होती. मूळची हिर्डोशीची, शाळेच्या गावी मावशीकडे राहून शिकणारी ही मुलगी नाटकात म्हातारी व्हायची.

"बाई, आमच्या हिर्डोशीला तरी कुठं खांब हाय? पिशव्या मांडत्यात वळीनं. जिथं पिशव्या, तिथं थांबा. ज्याची पिशवी म्होरं, त्यो गाडीत पयला."

"आणि टेकायचं कशाला?"

"टेकायचं न्हाई, पिशवीवर बसायचं. गाडीला लई येळ लागतो, बाई."

बाई उठल्याच. "मांडा रे गाठोडी!"

पडदा उघडला. मंगलने गाठोडं ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि काठीने हळूच पुढच्या पिशवीच्याही पुढे सरकवलं. सभागृह हसलं. हे नाटकात लिहिलेलंच नव्हतं! मग गोरखने आपली पिशवी त्याच्याही पुढे टाकली. "आजे, रांगेत या की!" "मी रांगंत हाय रं, रांगच मागं ऱ्हायलीया!" टाळ्या पडल्या. विंगेत बाई वही छातीशी धरून ओठ हलवत होत्या, त्या मध्येच थांबल्या. पुढचं वाक्य आता त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्या हसत होत्या.

दुसरा नंबर! जिल्ह्याला निवड!

परतीच्या टेम्पोतून बाईंनी सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "सर, शनिवारचे तास राहिले ना?"

"राहिले हो बाई, राहिले! पण जिल्ह्याला जाताना खांब न्या आठवणीने."

फोन स्पीकरवर होता.

"न्हाई न्यायचा!" मंगल ओरडली, आणि तिच्यामागून सगळा टेम्पो.