काट्यावरची ओटी

मधूने नंदाची ओटी लगेजच्या काट्यावर घातली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि कल्याणच्या मोटरस्टँडवर निदान चाळीस माणसं उभी होती. म्हणजे साक्षीदारांची वाण नव्हती. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि हिरवा खण असा सगळा ऐवज पितळी पारड्यात पडला. मधूने वाकून काटा पाहिला, कानावरची पेन्सिल काढली आणि मोठ्याने वाचलं, "तीन शेर दोन छटाक. पाच शेरांच्या आतलं. दोन आणे."

स्टँडवर एकदम शांतता झाली. मधूला वाटलं, आपल्या अचूकपणाची छाप पडली.

मधू मुरबाडच्या शाळेतून मॅट्रिक झालेला. शाळेत असताना मास्तर वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडे असे, आणि एकदा स्वतःलाच शिंक आली म्हणून त्याने स्वतःचंही नाव लिहिलं होतं. अशा माणसाला पुढे काय काम मिळणार, हे त्या शाळेतल्या गड्यानेसुद्धा सांगितलं असतं. सिद्धगड मोटर सर्व्हिसने त्याला लगेज-कारकून म्हणून ठेवून घेतलं. पगार बेताचा, पण तांबड्या शाईची दौत कंपनीची होती. मधूला तेवढं पुरे होतं.

कंपनीचे मालक ठाण्याला बसत. वर्षानुवर्षं त्यांच्या कल्याण-मुरबाड मोटरींतून माणसं, बोचकी, कोंबड्या आणि पाटा-वरवंटे एकाच तिकिटात जात आले होते. मांडीवर मावेल ते फुकट, आणि टपावर ड्रायव्हरच्या मर्जीने. मग एकोणपन्नास साली मालकांना कुणीतरी हिशेब दाखवला असावा. ठाण्याहून पत्रक आलं. एक तारखेपासून हातातलं, मांडीवरचं, टपावरचं सगळं लगेज वजन करून पैसे घ्यावेत. खांबावरच्या पट्ट्याच्या वर ज्या मुलाचं डोकं जाईल त्याचं पूर्ण तिकीट घ्यावं. परतीचं तिकीट त्याच दिवशी सूर्यास्तापर्यंत चालेल. अंगावरील वस्त्रे व दागिने एवढीच सूट. मधूने हे सगळं फळ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवलं, प्रत्येक नियमाखाली तांबडी रेघ मारली आणि दोन पावलं मागे जाऊन आपलं अक्षर पाहिलं.

एक तारखेला सकाळपासून लोक तो फळा वाचत होते आणि हसत होते.

"छत्रीचे किती रे?" एका पेन्शनर मास्तरांनी विचारलं.

"हातात असेल तर लगेज, मास्तर."

"आणि उघडून डोक्यावर धरली तर?"

मधू पत्रकात शोधू लागला.

"राहू दे, राहू दे," मास्तर म्हणाले. "तुझ्या मालकांना विचार, पोटात जेवण आहे त्याचं वजन केव्हा करणार? मी आज भाकरीऐवजी भात खाल्लाय. हलका आहे."

खांबाजवळ एक बाई आपल्या पोराच्या डोक्यावर हात दाबून उभी होती. "गुडघं वाकव मेल्या, गुडघं," ती त्याला सांगत होती. शेजारच्या किराणा दुकानाचा मारुती तर गिऱ्हाईक सोडून फळीवर येऊन बसला होता. "मधूशेट, उद्यापासून श्वासाचं काय? आत घेतला की लगेज, बाहेर सोडला की सूट ना?"

मधू चिडत नसे. नियम नवा असला की लोक ओरडतातच, असं त्याचं मत होतं, आणि हे मत त्याने आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. दुपारपर्यंत सोळा पावत्या फाडल्या गेल्या. सतरावी नंदाची.

नंदा खडवलीची. बाळंतपणाला माहेरी आलेली, आता पाच महिन्यांचं पोर कडेवर घेऊन सासरी, मुरबाडच्या पलीकडे निघालेली. आई हौसाबाई तिला मोटरीत बसवून द्यायला आगगाडीने कल्याणपर्यंत आली होती. नंदाच्या पदरात ओटी होती, गाठ मारून कमरेला खोचलेली. मधूने पुढचा-मागचा विचार न करता, आपण मोठ्या अदबीने बोलतोय अशा समजुतीत, म्हटलं, "ताई, पदरातलं काट्यावर ठेवा."

हौसाबाई त्या वेळी पाणी प्यायला गेली होती. नंदा बिचारी पोरगी, समोर कारकून, हातात पेन्सिल, मागे रांग. तिने गाठ सोडली.

हौसाबाई परत आली ती पारड्यातला नारळ पाहूनच.

"आरं, ही कुनाची ओटी?"

"लगेज आहे ते, बाई. दोन आणे द्या."

"लगेज?" हौसाबाईचा आवाज फळ्यापर्यंत गेला आणि परत आला. "भरली ओटी तू वाटंत उतरवलीस? काट्यावर घातलीस? तुज्या आईची ओटी कुनी भरली व्हती का नाय रं कंदी? का ती बी तोलून घेतली बापानं?"

स्टँडवरची शांतता कसली होती, ते मधूला तेव्हा समजलं.

"आई, चल ना, मोटर सुटेल," नंदा पायरीवर चढत हळूच म्हणाली.

"कुठं चल? रिकाम्या पदरानं? माहेरची ओटी वाटंत सांडून दारात उभी ऱ्हायलीस तर तुजी सासू काय म्हनंल?" हौसाबाईने लेकीला हाताला धरून मोटरीच्या पायरीवरून खाली ओढलं. दोनची मोटर नंदाला सोडून गेली.

आता राहिली होती फक्त चारची. दुसऱ्या दिवशी अमावास्या, आणि अमावास्येला लेक वाटेला लावायची नाही. नंदाच्या सासूने आठ दिवसांपूर्वी निरोप पाठवला होता: अमावास्येच्या आधी सून घरात आली तर आली, नाहीतर तिकडेच राहू दे, आमचं काही अडलेलं नाही. ती बाई बोलली ते करणारी होती. खडवलीला परत जाऊन, हौसाबाईच्या जावेकडून पुन्हा ओटी भरून घेऊन, चारच्या आत कल्याणला येणं कुठल्याही गाडीने जमणारं नव्हतं. आणि हौसाबाई स्वतः भरू शकत नव्हती. तिचं कपाळ मोकळं होतं.

"तेच तांदूळ पुन्हा पदरात घाला की," मधू म्हणाला. आजच्या दिवसातली त्याची ही दुसरी चूक.

"काट्यावरची ओटी? त्या पारड्यात मघाशी सुकी मासळी व्हती!"

खरं होतं. पावती नंबर बारा.

"अहो, इथं एवढ्या सवाष्णी आहेत, कुणीतरी भरा," पेन्शनर मास्तर म्हणाले.

"रस्त्यावर? ओटीला उंबरा लागतो, गुरुजी. पाट लागतो, दिवा लागतो. माजी पोर काय भिकारीन हाय?"

नंदा खांबाला टेकून बसली होती. रडत नव्हती. पोराला पाजता पाजता ती रस्त्याकडे पाहत होती, आणि तेच मधूला सोसवेना. रडली असती तर "नियम आहे" म्हणता आलं असतं.

स्टँडला लागून घराचा उंबरा एकच होता. बुकिंग ऑफिसच्या वरच्या मजल्यावर मॅनेजरसाहेब राहत. साहेब जेवून झोपले होते. पत्रकावर कल्याणतर्फे सही त्यांचीच होती. मधू जिना चढला तो चोरासारखा. दार साहेबांच्या पत्नी सुमतीबाईंनी उघडलं.

"वहिनी, जरा घोटाळा झालाय."

"वरून ऐकला मी. सगळ्या कल्याणने ऐकला." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तू मॅट्रिक ना रे? भूगोल, इतिहास, सगळं शिकलास. ओटी म्हणजे काय, ते कुठल्या इयत्तेत होतं? शिकवायचं राहिलं वाटतं."

"पत्रकात लिहिलं होतं, हातातलं, मांडीवरचं..."

"पत्रकावर सही करणारे आत घोरताहेत. त्यांना काय विचारायचं! जा, बोलाव तिला वर. आणि नारळ आण एक. सकाळीच फोडला मी, घरात नाही."

मारुतीने नारळ दिला, पण वाजवून वाजवून, तीनतीनदा. "पाच आणे. दुकानातून स्टँडपर्यंत न्यायचे वेगळे लावत नाही, आपण जुन्या पद्धतीचे." मधूने मुकाट्याने खिशातून पाच आणे काढून दिले.

हौसाबाई जिन्याच्या पायथ्याशी अडली. "बामनाचं घर हाय. आमाला कशापायी..."

"माहेर म्हणून बोलावलंय," सुमतीबाई वरून म्हणाल्या. "लेकीला जिन्यात उभं करू नका. पोरगं उन्हाने लाल झालंय."

पाट मांडला, निरांजन लावलं, हळदीकुंकू झालं. तांदूळ सुमतीबाईंनी शेराने मोजले नाहीत, ओंजळीनेच घातले. हौसाबाई म्हणत होती, "पुरं, बाईसायब, पुरं," आणि त्या घालत होत्या. शेवटी खण राहिला. सुमतीबाई ट्रंकेशी बराच वेळ बसल्या. मग त्यांनी एक अंजिरी रेशमी खण काढला, घडीही न मोडलेला.

"हा भावाने दिलेला," त्या मधूला म्हणाल्या. "तुझ्यामुळे जातोय. असाच खण तुझ्याकडून मला येणं आहे. कळलं?"

"पगार झाला की देतो, वहिनी."

चारच्या मोटरीपाशी सगळा स्टँड जमला. ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही. नंदा जिना उतरली तेव्हा तिचा पदर इतका जड झाला होता, की एक हात पोराला आणि एक हात पदराला लावावा लागत होता. वर गॅलरीत मॅनेजरसाहेब डोळे चोळत आले होते. खाली त्यांना गर्दी दिसली, मग पदर दिसला.

"मधू! लगेजची पावती?"

चाळीस माणसांनी मधूकडे पाहिलं. मधूने फळ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नियमातून बाहेर पडायची वाट हवी होती.

"लगेज नाही, साहेब," तो म्हणाला. "वस्त्रांना सूट आहे. पदर लुगड्याचा आहे आणि लुगडं अंगावर आहे."

"आणि त्या पदरात काय आहे?"

"ते मी घातलंय," सुमतीबाई साहेबांच्या मागून म्हणाल्या. "वजन माझ्याकडून घ्या. आत या."

साहेब आत गेले. खाली असा हशा पिकला, की मोटरीचा भोंगा ऐकू आला नाही. हौसाबाई मात्र हसली नाही. मोटर हलेपर्यंत ती खिडकीशी लेकीचा हात धरून चालत राहिली, आणि परत येताना मधूला म्हणाली, "नीज जरा, मास्तर. लई काम केलंस आज."

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून सुधारलेलं पत्रक आलं: ओटी लगेज समजू नये. मालकांना वाटलं, भांडण मिटलं. दुसऱ्याच दिवशी मुरबाडच्या मोटरीत चढणाऱ्या एकूण एक बाईच्या पदरात ओटी होती. कुणाच्या ओटीत बटाटे, कुणाच्या ओटीत सुकट, आणि एकीच्या ओटीत तर कोंबडा आरवला. एका मिशीवाल्याने धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून आणल्या आणि आपण माहेराहून येतोय असं शपथेवर सांगितलं. मधूने कुणालाही गाठ सोडायला सांगितली नाही. लगेजचा धंदा महिन्याभरात इतका बसला, की कंपनीने पितळी काटा मारुतीला विकून टाकला.

हौसाबाई दीड महिन्याने कल्याणला आली. नंदा दिवेलागणीच्या आधी पोचली होती. सासू दारात उभी होती, तोंड फुगवून. मग तिने पदरात हात घातला, अंजिरी खण उजेडात धरला, बोटांनी चोळून पाहिला, आणि सुनेला पाय धुवायला पाणी दिलं. "कुठल्या घरची ओटी, म्हून इचारलं तिनं," हौसाबाई म्हणाली. "नंदी बोलली, माज्या कल्यानच्या माहेरची."

हे सांगायला ती वर सुमतीबाईंकडे गेली, तेव्हा मधू जिन्याखाली पावत्या लावत होता. वरून हाक आली, "मधू, खणाचं काय झालं रे?"

"या पगाराला नक्की, वहिनी."

मागच्या पगारालाही त्याने हेच सांगितलं होतं. कापडाच्या दुकानात जाऊन त्याने अंजिरी रेशमाचा भाव एकदा विचारला होता, आणि दुकानदाराने तो सांगितल्यावर सुती रुमाल घेऊन परत आला होता.

"रुमाल चालेल का विचार," फळीवरून मारुती म्हणाला.