लीलाने दिलेली रिळं

फाल्कनबर्ग हे डच गाव मागे पडलं तरी मोरेश्वर भाऊजी थांबायचं नाव घेईनात. ग्यूल नदीच्या काठाने, गाईंच्या कुरणातून जाणारी चिखलवाट; पुढे ते, मागे मी. त्यांची बायको लीलावती माझी मैत्रीण. तिचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. झूटरमेरला आपल्या घरी परत जाताना त्यांची मुलगी अवनी मला म्हणाली होती, मावशी, बाबा एकटेच नदीवर जातात, एकदा सोबत जाऊन या ना. म्हणून आइंडहोवनहून त्यांच्याबरोबर आले होते. मनात नाम चालू होतं आणि बुटात पाणी शिरलं होतं.

भाऊजी मूळचे इचलकरंजीचे. नोकरीसाठी इकडे आले आणि इथेच निवृत्त झाले. ऑफिसातल्या कुणा डच माणसाने त्यांना ट्राउट मासे धरायचा नाद लावला. बारीक गळाला रेशीम नि पिसं गुंडाळून खोटा किडा करायचा, त्याला फ्लाय म्हणतात. मासा त्याला फसला की धरायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. घरात चातुर्मासात कांदासुद्धा नाही आणि हा माणूस शनिवार आला की गळ घेऊन बाहेर.

लीलाला ते कधीच पटलं नाही. माशाच्या तोंडात आकडा घुसवून मग सोडायचं, ही कसली दया, असं ती एकदा जेवताना म्हणाली. मी होते तिथे. भाऊजी हसले आणि त्यांनी ताक मागितलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

भाऊजींना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नाही. टोमॅटो पिकला का, शर्टावर कुठली पँट, सगळं लीला सांगायची. फ्लाय बांधायच्या दोऱ्याची रिळंही तीच काढून द्यायची. सगळा खेळ रंगावर आहे, असं भाऊजी म्हणत. पाणी नितळ असलं तर करडा नाहीतर शेवाळी, गढूळलं की काळा. ते रंग सांगत, ती रीळ हातात ठेवी. मासा मात्र वर्षातून एखादाच लागे. आपलं नशीबच नाही, म्हणत ते घरी येत आणि ती गरम आमटी वाढे.

कुरणाचं फिरतं दार ओलांडून ते थांबले. इथेच, म्हणाले. लीला गेल्यावर, एप्रिलमध्ये, इथे एक म्हातारा डच माणूस बाजूला उभा होता. त्याने भाऊजींची फ्लायची डबी पाहिली आणि म्हणाला, आमचा कार्निव्हल संपला की हो. कार्निव्हल म्हणजे इकडची भडक रंगांची सोंगं; त्याचा डबीशी काय संबंध, भाऊजींना कळेना. मग त्याने एकेक उचलून रंग सांगितले. करड्या म्हणून बांधलेल्या सगळ्या गुलाबी होत्या. शेवाळी म्हणून बांधलेल्या भडक नारिंगी.

"चुकली असेल," मी म्हटलं.

"टोमॅटोत कधी नाही चुकली."

ते पाण्याकडे बघत राहिले.

"नको म्हणाली असती तर सोडलं असतं मी."

ऐकून घेऊन गप्प बसता आलं असतं, पण मेलेल्या माणसावर खोटा आळ येऊ देणं मला जमेना.

"म्हणाली होती, भाऊजी. तुम्ही ताक मागितलंत."

ते म्हणाले, भांडायचं होतं तिने, डबी फेकून द्यायची होती. इतकी वर्षं हसून डबा भरून दिला, आणि मी इथे थंडीत बावळटासारखा उभा. आता तिचं गोड बोलणं आठवलं की वाटतं, यातलं खरं किती? आणि विचारायला ती नाही. अवनीला हे सांगितलेलं नाही, सांगूही नका, म्हणाले.

मला लीलाचा राग आला. तिने किती मासे वाचवले असतील हेही मनात आलं, आणि तिला दोष देववेना.

भाऊजींनी खिशातून रिळांची पिशवी काढली. रंग फोनला विचारून पाहिला, तो सगळ्यालाच तपकिरी म्हणतो, असं म्हणत त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"वहिनी, तुम्हालाही हे पाप वाटतं, ठाऊक आहे मला. तरी एवढी रिळं लावून द्या, आहे तोच रंग सांगून. आणि नसेल द्यायचं तर तोंडावर नाही म्हणा. लीलासारखं हो म्हणू नका."