आक्कानं न मांडलेलं गणित

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बसस्टँडवर उभी होते. नांदेडच्या दवाखान्यात तिच्याकडेच निघाले होते. पलीकडून भाची प्रज्ञा एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली..." खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली, आणि माझा हात पदराखालून माझ्याच छातीकडे गेला. आक्काला छातीतल्या गाठीनं नेलं होतं, आणि पावसाळा सरता सरता माझ्याही हाताला तिथं काहीतरी कडक लागू लागलं होतं. आम्ही दोघी एका आईच्या लेकी. त्या गाठीचं मी कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. गाडी आली, मी चढले, आणि वसमत मागे गेलं तरी हात तिथून काढायचं भान मला राहिलं नाही.

आक्का वसमतजवळच्या हट्ट्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि दर संमेलनाला पोरींचा गोफ बसवायची. वर टांगलेल्या रंगीत पट्ट्यांचं एकेक टोक एकेका पोरीच्या हातात असतं. अर्ध्या पोरी एका अंगानं निघतात, अर्ध्या समोरून येतात. एकीच्या बाहेरून जायचं, पुढचीच्या आतून, असं नाचत राहिलं की डोक्यावर वेणी विणली जाते. लोक तिथंच टाळ्या वाजवतात. आक्काचा जीव मात्र पुढच्या भागात अडकलेला असायचा, कारण तीच वेणी ढोलकीचा ठोका न चुकवता नाचत नाचतच सोडवायची असते. "विणणं कुणालाबी येतं," ती म्हणायची, "सोडवताना गणित लागतं." फळ्यावर कंस सोडवताना ती पोरींना गोफाची आठवण करून द्यायची आणि गोफात कंसाची: शेवटी उघडलेला कंस आधी सोडवायचा. मला आकड्यांचं शाळेपासून वावडं, पण तिच्या तोंडून ऐकताना आपल्याला गणित येतं असं उगाच वाटायचं.

एकदा मी तालीम बघायला गेले होते. वेणी छान झाली, पोरी उलट्या फिरल्या, आणि जी शेवटच्या खेपेला आतून गेली होती तीच परतताना बाहेरून निघाली. ही चूक गोफ करणाऱ्यांनाच कळावी. दिशा बराबर उलटली होती, पण आतून गेलेलीनं आतूनच परतायचं हे ती विसरली. त्यामुळं पट्ट्या सुटायच्या ऐवजी एकमेकींत अडकल्या आणि पुढच्या प्रत्येक पावलागणिक पीळ घट्ट होत गेला. एका पोरीचा हात वर आवळला गेला, ती किंचाळली, आणि सगळ्याजणी ओढायला लागल्या. मीही घाबरून "ओढा, ओढा!" ओरडत होते. आक्का शांतपणे मध्ये जाऊन उभी राहिली.

"कुणी ओढून ऱ्हायलं का? सोडा आधी. शेवटी बाहेरून कोण गेलतं?"

बाई रागावतील म्हणून सगळ्यांच्या माना खाली.

"काहून भेता? मी मारत न्हाई. पर खरं सांगितल्याबिगर हे सुटायचं न्हाई बघा."

मग एक बोट हळूच वर आलं, आणि दोन-चार पावलांत तो पीळ उलगडला. मला आक्काचा केवढा अभिमान वाटला होता!

आणि तीच आक्का... गेल्या संमेलनाच्या तालमी चालू होत्या तेव्हाच तिच्या हाताला गाठ लागली होती. तिनं सांगितलं नाही. संमेलन झालं, परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, आणि दुखणं सहन होईना तेव्हा कुठं प्रज्ञाला कळलं. नांदेडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी रागानंच विचारलं, "पोरींना एवढं शिकवलंस, अन् स्वतः गप का बसलीस?" "वंदे, मी गणित मांडलंच न्हाई," ती म्हणाली. "मांडलं असतं तर उत्तर आलं असतं ना... म्हणून मांडलं न्हाई." मला तिचा राग आला, कीवही आली. आणि ती जे बोलत होती तेच माझंही चाललेलं होतं.

सलाईन चालू असताना तिचा वेळ जावा म्हणून प्रज्ञा मोबाइलवर नाच दाखवायची. एकदा स्विंग म्हणतात तो परदेशी जोडीचा नाच लागला. तो पुरुष बाईला दूर फेकतो, ती गिरकी घेते आणि नेमकी परत त्याच्या हातात येते. मला ते बघवेना, सुटली तर काय ही धास्ती. आक्का मात्र उशीवर उठून बसली. "हेबी गणितच हाय. आपल्या गोफाचं आधी ठरलेलं ऱ्हातं, हे लोक जाता जाता मांडून राहिले. बघ, हात सोडला, पर ठोका सोडला न्हाई तिनं." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बहिणीनंबी तपासावं म्हणले डॉक्टर. तू दाखवून घेतलंस का गं?" मी पाण्याची बाटली भरायला उठले. ती परत विचारेल म्हणून नळावर उगाच रेंगाळले. तिनं परत विचारलं नाही.

आक्काच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर प्रज्ञा आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. पोरगी दिवसभर डोळ्यांत पाणी न आणता सगळ्यांचं बघत होती. अचानक हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणले मीबी तपासून घ्यावं. मला एकटीला लय भ्या वाटतं. तू येतीस का?" चोवीस-पंचवीसचं लेकरू. मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं, "मलाही छातीत काहीतरी हाताला लागतंय गं, प्रज्ञा. पावसाळ्यापासून." एवढे दिवस जे कुणालाच सांगितलं नाही ते असं भांड्यांच्या गराड्यात सांगून झालं. ती ओरडली नाही, रडली नाही. "मंग उद्याच जाऊ," म्हणाली.

दवाखान्यात आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी चपला काढून फरशीवर तळवे टेकवले. प्रज्ञाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून ठेक्यात फिरत होता. आक्काला ठोके मोजायचा तो चाळाच होता, पंगतीत, एसटीत, आजारपणातसुद्धा. आईचा चाळा पोरीच्या हातात उतरला आहे हे पोरीला माहीतही नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मला उठवेना. प्रज्ञा माझ्याबरोबर दारापर्यंत आली.

तिचं सगळं ठीक निघालं. माझ्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आहे, त्याचा रिपोर्ट सोमवारी मिळेल. हे लिहिते आहे तेव्हा शुक्रवार आहे. मला फार भीती वाटते, आणि माझा अंगठा आपोआप पेरांवरून फिरतो आहे.