एकाच चुलीच्या दोन जावा

मुखेडच्या विठाबाईला तिच्या धाकट्या जावेचा, उज्वलाचा, मोकळा श्वास बघवत नसे. गॅस येईपर्यंत दोघींनी एकाच चुलीपुढं तुराट्या जाळून भाकरी थापल्या. पण साठीच्या आतच विठाबाईला न्हाणीतून ओट्यावर येताना धाप लागू लागली, आणि उज्वला मात्र डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन गाणं म्हणत शेतातून यायची.

"सारा धूर मी गिळला," विठाबाई शेजारणीला सांगे. "ही पाण्याच्या निमित्तानं सटकायची." उज्वला उलट बोलत नसे. त्यानं विठाबाईचा जळफळाट आणखी वाढे.

नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टर देविका चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांच्या फुप्फुसांचा अभ्यास करत होत्या. तोच धूर एकीला बाधतो, दुसरीला तेवढा नाही. असं का, हे त्यांना सीटी स्कॅनमधून बघायचं होतं. विठाबाईचा मुलगा वैजनाथ दोघींना घेऊन गेला. विठाबाई खुशीत होती. यंत्रच आता उज्वलाचं बिंग फोडणार होतं.

डॉक्टरांनी दोघींची चित्रं पडद्यावर शेजारी लावली. उलटं झाड धरावं तशा फांद्या दिसत होत्या.

"या श्वासनळ्या. धुरानं होतात तशा दोघींच्याही आतून जाड झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "पण विठाबाई, तुमच्या नळ्या फुप्फुसांच्या मानानं मुळातच अरुंद असाव्यात. म्हणून तुम्हाला जास्त त्रास."

"म्हंजे हिनं बी धूर गिळला?"

"हाव," उज्वलाच बोलली. "मी कुठं गेले व्हते, अक्का?"

विठाबाईला वाटलं, जावेनं कामात चोरी केली असती, तर भांडायला जागा होती. हिला तर देवानंच रुंद नळ्या दिल्या होत्या. मत्सर कमी व्हायचा, तो उलट आत जाऊन बसला.

एसटीच्या पायरीवर तिचा दम अडकला. उज्वलानं मागून आधार दिला आणि हसत म्हणाली, "माझ्या नळ्या काढून देऊ का तुमाला?"

"दे," विठाबाई म्हणाली. तिला हसू आलं नाही.

आता ती रोज औषधाचा पंप ओढते. थोडा फरक आहे. शेजारणीकडची चहाडी तिनं बंद केली. बाजाराला दोघी बरोबर जातात. उज्वला मुद्दाम हळू चालते, आणि ते विठाबाईला टोचतं.

"तू हो पुढं. मी येऊन राहिले," ती फणकारते.

उज्वला पुढं जात नाही.