बारा सेकंदांचा ओरखडा

सासऱ्यांच्या टेबलावरची काचेची चकती मला धुळकट वाटली, म्हणून मी ती उचलून शर्टाच्या टोकानं पुसून दिली. कुणीही भला जावई हेच करेल.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, चहाचे दोन कप घेऊन दारातच थबकले. चहा सांडला नाही. पण माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं सरसर उतरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "होती तिथे ठेवा. तिच्यावर श्वाससुद्धा टाकू नका."

अप्पा जमीन मोजायची यंत्रं दुरुस्त करतात. ती चकती म्हणजे यंत्राचा जीव. कडेला हजारो रेघा, केसाहून बारीक. वरून उजेड सोडायचा, खाली बसवलेला विजेचा डोळा उजेड-अंधार मोजतो आणि कोन आकड्यांत उमटतो. चाळीस वर्षांत अप्पांच्या हातचं एकही यंत्र तक्रार घेऊन परत आलेलं नाही, हे आम्हाला जेवणाइतकंच नेमानं ऐकायला मिळतं. ही चकती ज्या यंत्राची, ते तर बोगद्याच्या कामाचं. डोंगर दोन्हीकडून पोखरत आणायचा आणि मधोमध गाठ पाडायची. उद्या सकाळी बोगद्याची माणसं ते न्यायला येणार होती.

अप्पांनी चकती धुऊन यंत्रात बसवली. खिडकीतून समोरच्या टाकीवरची खूण पाहिली, यंत्राची दुर्बीण उलट फिरवून तीच पुन्हा पाहिली, मग जुन्या, डोळ्यांनी वाचायच्या यंत्राशी ताळा केला. एका जागी कोनात बारा सेकंदांचा फरक; हे सेकंद घड्याळाचे नव्हेत, एका अंशाचे छत्तीसशे भाग केले की त्यातला एक. चकती फिरवली, तर फरकही तिच्याबरोबर फिरला, म्हणजे दोष चकतीतच.

"बारा सेकंद म्हणजे किती हो?"

"किलोमीटरभरात तीन बोटं."

"एवढंच ना!"

अप्पांनी असं पाहिलं, की मी मागच्या स्टुलावर बसलो. मागे स्टूल नव्हतं.

भिंगाखाली रेघांवर आडवा ओरखडा दिसला. माझ्या अंगठीच्या खड्याचा. अंगठी त्यांनीच हौसेनं दिलेली. नवी चकती यायला महिना.

आता जावयाचा पराक्रम जगजाहीर होणार, म्हणून मी कान पाडून बसलो. अप्पांनी बोगद्याच्या साहेबांना फोन लावला.

"यंत्र उद्या देता येत नाही. माझ्याकडे आल्यावर बिघडलं... हो, माझ्याच हातून... ठीक आहे, यापुढे दुसरीकडे द्या."

फोन खाली ठेवून त्यांनी यंत्रावर कापड टाकलं. मी हादरलोच.

"अहो अप्पा, खोटं कशाला बोललात? अंगठी माझी होती!"

"टेबल माझं होतं."