वाकडी नडगी

वडील गेले त्या आठवड्यात मी वर्गात क्रीट बेटावरच्या गुहा शिकवत होते. इस्लामपूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, आणि मूळ अभ्यास जुन्या हाडांचा. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावरचे प्राचीन मिनोअन लोक आपली माणसं डोंगरातल्या गुहांत पुरत. गुहा तीच, पिढ्या अनेक. नवं माणूस आलं की जुन्याची हाडं भिंतीकडे सारायची, त्यामुळे आजोबाचं बोट नातवाच्या बरगडीत सापडतं. पण कळतं पुष्कळ. दात झिजलेले असले की पिठात दगडाची कच होती, घोट्यावर ठरावीक खुणा दिसल्या की माणूस उकिडवं बसायचा. आणि मोडून जुळलेली नडगी मिळाली की मी वर्गात म्हणते, बघा, याला कुणीतरी बसवून खाऊ घातलं. दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी घाईनं पुढच्या चित्राकडे वळते.

कारण माझे वडील लंगडत.

आम्ही वडूजकडचे मेंढपाळ. मी सात वर्षांची होते तेव्हा कड्याजवळ मेंढरांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी सागरगोटे खेळत बसले. एक कोकरू कपारीत उतरलं, त्याला आणायला वडील उतरले आणि पडले. आईनं त्याच संध्याकाळी मला मामाकडे पाठवून दिलं. परत आले तेव्हा वडील लंगडत होते. त्याआधी लंगडत होते का, हे कितीही डोकं खाजवलं तरी मला आठवत नाही.

वडिलांना विचारलं की ते तंबाखू मळायला लागत. "आगं, तवा नुसता मुका मार लागला हुता. पाय ल्हानपणीच मोडलाय. बाभळीवरनं पडलो हुतो." मला ते कधी पटलं नाही, आणि पटत नाही असं म्हणायचा धीरही झाला नाही. खाई त्याला खवखवे. चाळीस वर्षं खवखवत होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. सगळे राखेतून अस्थी वेचून गाडग्यात टाकत होते. मी मुद्दाम पायांच्या बाजूला बसले. लाज वाटत होती, पण हात थांबेनात. आणि सापडला तुकडा. वीतभर नडगी, मध्ये फुगलेली, तिथंच वाकलेली.

मी तो फिरवून फिरवून पाहिला. लहानपणी मोडलेलं हाड वाढत्या वयात बरंचसं सरळ होतं. हे एवढं वाकडं राहिलं होतं, म्हणजे मोठेपणीच मोडलेलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"काय बघतीस?" वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, शेजारी येऊन बसले.

"हे माझ्यामुळं मोडलं, तात्या. बाभळ-बिभळ काय न्हाई."

तात्यांनी तुकडा घेतला आणि वाकड्या जागेवर बराच वेळ अंगठा फिरवला.

"कड्यावरनं पडून मोडलं तवा म्या सरळच बसवलं हुतं," ते म्हणाले. "मेंढीच्या पायाला बांधतो तशा कामट्या बांधल्या, खाली लोकर घातली. मेंढरू चौथ्या दिशी कळपामागनं चालतंय. मला वाटलं, माणूस बी चालंल. हिकडं चारा संपल्याला. उठवला त्याला आन् उंब्रजपतोर चालवला. तितं कामट्या सोडल्या, तर पाय ह्यो असा."

"दवाखान्यात न्ह्यायचं की."

"ईस वर्साचा हुतो मी. मेंढरांपलीकडं काय ठावं हुतं?"

मला आधी राग आला, मग एकदम सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. माझं वर्गातलं वाक्य आमच्याच घरात खोटं निघालं होतं. हाड जुळलं होतं आणि माणसाला कुणी चार दिवसही बसू दिलं नव्हतं.

"आवं, मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"बोलायचो की त्येच्यापाशी. चुकलं म्हणायचो. त्यो म्हणायचा, तुजा काय संबंध न्हाई, पाय ल्हानपणीच मोडलाय, बाभळीवरनं पडलो हुतो."

"तुमाला म्हणायचे?"

"मलाच. येका घोंगड्यात निजून ल्हानाचं मोठं झालो आमी." तात्यांनी तुकडा जपून गाडग्यात ठेवला. "आन् मी बी दर बारीला म्हणायचो, व्हय दादा, ध्यानात हाय माज्या. बाभळच हुती."