इंजिन बंद करून उतरलेला घाट

बालाघाटहून पाच मास्तरणींना रोज घाट चढून परसवाड्याच्या शाळेत न्यायचं आणि परत आणायचं, हे डोमाजीचं बारा वर्षांचं काम. गाडी नऊ सीटर, वयाने जुनी, अंगाने दांडगी आणि डिझेल पिण्यात कुणाचं न ऐकणारी. डोमाजीही साठीला टेकला होता. क्लच दाबताना गुडघ्यातून अशी कळ निघायची की जीव नकोसा व्हायचा. पण या वयात दुसरी गाडी कोण त्याच्या हाती देणार होतं?

तशात पोळा झाल्यावर मालक चंद्रशेखर म्हणाला, "काका, लिटरले आठ किलोमीटर देऊन राह्यली हे गाडी. बाराचा ॲव्हरेज आणा, नाही तर दिवाळी झाली का विकतो मी इले."

बारा म्हणे! स्वतः कधी घाट चढवला असता तर बोलला नसता. तरी डोमाजी कामाला लागला. टपावरचं कॅरिअर उतरवलं, पुढचा लोखंडी गार्ड काढला, एअर फिल्टर बदलला, चाकांत नेमकी हवा भरली, वेगाचा काटा पन्नासच्या वर जाऊ दिला नाही. एवढं करून ॲव्हरेज दहावर आला आणि तिथेच रुतून बसला.

मग डोमाजीने ते केलं, जे त्या घाटात पुष्कळ जुने ड्रायव्हर गुपचूप करतात. परतीच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची आणि इंजिनच बंद करायचं. गाडी आपल्या वजनाने खाली येते, डिझेलचा थेंब जळत नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण थकलेला माणूस ठाऊक असूनही करतो. महिन्याभरात बारा आले, चंद्रशेखरने पाठ थोपटली आणि डोमाजीला लाज वाटायच्या ऐवजी चक्क बरं वाटलं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घाटातल्या वळणावर एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आडवी आली. डोमाजीने ब्रेक दाबला. पहिल्यांदा थोडा लागला, दुसऱ्यांदा पेडल हलेचना. तो दोन्ही पाय रोवून त्यावर अक्षरशः उभा राहिला, हँडब्रेक ओढला. गाडी म्हातारीपासून वीतभर अंतरावर थांबली. म्हातारीने एक सणसणीत शिवी हासडली आणि मोळी सावरत निघून गेली.

मागे पेंगत असलेल्या सत्यभामाबाईंनी डोळे उघडले. "काय झालं, डोमाजीभाऊ?"

"काही नाही, म्याडम. बुढी आडवी आली होती."

त्याने चावी फिरवून इंजिन चालू केलं.

त्या दिवसापासून त्याने इंजिन बंद केलं नाही. ॲव्हरेज पुन्हा दहावर. चंद्रशेखरने विचारलं, तेव्हा डोमाजीने काहीएक न लपवता सगळं सांगून टाकलं. चंद्रशेखर आवाज खाली आणून म्हणाला, "पण झालं तर काही नाही ना, काका? वळणावर चालू ठेवा, सीध्या उतारावर बंद करा."

"हौ? मंग उद्या तुमी लेकराबाळाले घेऊन मांगं बसा, शेखरभाऊ. मी बंद करून उतरवतो."

चंद्रशेखर मोबाईलमध्ये बघू लागला. दिवाळी झाली आणि गाडी लांजीच्या एका गिऱ्हाइकाला विकली गेली.

शेवटच्या दिवशी मास्तरणींनी डोमाजीला शर्टाचं कापड आणि नारळ दिला. सत्यभामाबाई म्हणाल्या, "बारा वर्षं आमचा जीव तुमच्या हाती होता, भाऊ. एक दिवस भीती नाही वाटली."

डोमाजीने इंजिन बंद करून घाट उतरल्याचं सांगायला तोंड उघडलं. पण रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत हुंदके देऊ लागला.

"बघा बाई," एक मास्तरीण दुसरीला म्हणाली, "किती जीव होता यांचा गाडीवर!"